ट्यूडर इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतील माणसे : व्यक्तिसूचीच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

सूचीचा काळ आज नक्की केला. सातवा हेन्री गादीवर आला ते १४८५ हे वर्ष आरंभ आणि पहिली एलिझाबेथ वारली ते १६०३ हे वर्ष शेवट. या काळात इंग्लंडमध्ये विवाह, मृत्युपत्र, दशमांश (उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा हिस्सा), बदनामी, व्यभिचार आणि पाखंड यांविषयीचे खटले राजाच्या न्यायालयांत न जाता बिशप आणि आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी) यांच्या अखत्यारीतील धर्मन्यायालयांत चालत. १५३४ मध्ये रोमशी असलेला संबंध पूर्णपणे तुटला तरी ही न्यायालये उठली नाहीत. तेच दालन, तीच कार्यपद्धती आणि बहुतेक ठिकाणी तेच कारकून कायम राहिले, फक्त शेवटचे अपील पोपऐवजी राजाने नेमलेल्या प्रतिनिधींपुढे जाऊ लागले.

साधने भरपूर आहेत. एकट्या यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत १३०० ते १८५८ या काळातील १४,००० हून अधिक खटल्यांची कागदपत्रे आहेत. सगळी सूचीत आणण्याचा प्रश्नच नाही. मराठी वाचकापुढे ठेवायची आहेत ती त्या कागदपत्रांत वावरणारी माणसे, आणि त्यांतली कोणती घ्यायची हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारण पद्धत वादी-प्रतिवादींची नावे लावून मोकळे होण्याची असते. माझे मत आरंभीच नोंदवून ठेवतो : या खटल्यांत जे काही वाचण्यासारखे आहे ते बहुतांशी साक्षीदारांच्या तोंडी आहे, आणि म्हणून सूचीत साक्षीदाराला पक्षकारापेक्षा कमी जागा देता कामा नये.

५ जून २०२५

न्यायालयांची उतरंड थोडक्यात. सर्वांत खाली आर्चडीकनचे न्यायालय, जिथे पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचे, चर्चवॉर्डन (चर्चचा कारभार पाहणारे गावकरी) गावातल्या गैरवर्तनाची यादी सादर करीत. त्यावर बिशपचे न्यायालय. त्याच्यावर कँटरबरी आणि यॉर्क या दोन आर्चबिशपांची न्यायालये. कँटरबरीचे अपील न्यायालय लंडनमधील सेंट मेरी-ले-बो या चर्चमध्ये भरत असे. १५५९ नंतर राणीच्या अधिकाराने चालणारे हायकमिशन नावाचे धर्मन्यायालय आले. या तपशिलाला प्रस्तावनेत एक परिच्छेद पुरे.

९ जून २०२५

पहिली मोठी नोंद रिचर्ड हन याची. हा लंडनमधला सधन शिंपी-व्यापारी. मार्च १५११ मध्ये त्याचा स्टीफन नावाचा तान्हा मुलगा काही आठवड्यांचा होऊन वारला. व्हाइटचॅपलचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य पाद्री, थॉमस ड्रिफील्ड याने प्रथेप्रमाणे मृताच्या मालमत्तेतील एक वस्तू चर्चचा हक्क म्हणून मागितली, आणि ती वस्तू म्हणजे बाळाला ज्यात गुंडाळून बाप्तिस्म्याला नेले ते वस्त्र. हनचे म्हणणे असे की तान्ह्या मुलाच्या मालकीचे काही नसतेच, मग त्यातून हक्क कसला मागता. १५१२ मध्ये ड्रिफील्डने आर्चबिशपच्या न्यायालयात दावा लावला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला.

एवढ्यावर थांबला असता तर हनचे नाव आज कोणाला ठाऊक नसते. वर्षअखेरीस तो सायंप्रार्थनेला चर्चमध्ये गेला तेव्हा तिथल्या पाद्र्याने तो शापित असल्याचे सांगून तो बाहेर जाईपर्यंत प्रार्थना चालवण्यास नकार दिला. यावर हनने राजाच्या न्यायालयात दोन दावे ठोकले : एक बदनामीचा आणि दुसरा असा, की परक्या सत्तेचा, म्हणजे पोपचा, अधिकार इंग्लंडमध्ये चालवून धर्मन्यायालयाने राजसत्तेचा अवमान केला आहे. शिंप्याने चर्चला अशा पेचात पकडावे हे लंडनचे बिशप रिचर्ड फिट्झजेम्स यांच्या माणसांना मानवणे शक्य नव्हते. ऑक्टोबर १५१४ मध्ये हनला पाखंडाच्या आरोपावरून धरून सेंट पॉल्सच्या आवारातील लोलार्ड बुरूज या तुरुंगात ठेवले, आणि ४ डिसेंबरच्या सकाळी तो तिथे स्वतःच्याच रेशमी कमरपट्ट्याला लटकलेला आढळला. चर्चने आत्महत्या म्हटले, मेल्यावर त्याच्यावर पाखंडाचा खटला चालवला आणि २० डिसेंबरला स्मिथफील्डमध्ये त्याचे प्रेत जाळले.

कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याच्या, पंचांनी मात्र जे पाहिले ते बारकाईने लिहून ठेवले. मान मोडलेली, पण डोक्यावर टोपी नीट बसवलेली, डोळे मिटलेले, केस विंचरलेले; मेणबत्ती विझवून प्रेतापासून दूर ठेवलेली; आणि रक्त होते ते प्रेत जिथे लटकले होते तिथे नव्हे, तर कोपऱ्यात. मेलेला माणूस इतका टापटिपीचा कसा, हाच त्यांचा प्रश्न होता. त्यांनी बिशपचा चॅन्सलर (त्याच्या न्यायालयाचा प्रमुख) विल्यम हॉर्सी, समन्स बजावणारा चार्ल्स जोसेफ आणि घंटा वाजवणारा जॉन स्पॉल्डिंग यांच्यावर खुनाचा ठपका ठेवला. हॉर्सीवरचा आरोप पुढे राजाच्या मर्जीने सोडून देण्यात आला.

या प्रकरणात सूचीसाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ज्युलियन लिटेल नावाची मोलकरीण. ती चार्ल्स जोसेफच्या घरी कामाला होती आणि मालकाने हनला आपणच संपवल्याचे आपल्याजवळ बोलून दाखवले असे तिने सांगितले. तिची जबानी कॉरोनरपुढची आहे, धर्मन्यायालयापुढची नव्हे, त्यामुळे काटेकोर नियमाने ती सूचीबाहेर जाते. तरीही ती घेतो. धर्मन्यायालयाच्या शिपायाच्या घरात काय बोलले जात होते हे तिच्याशिवाय कोणी सांगितलेले नाही.

१० जून २०२५

कालच्या नोंदीला एक जोड. १५२९ च्या संसदेने मृताच्या मालमत्तेवरील या हक्कावर मर्यादा घातली : दहा मार्कांपेक्षा (सुमारे पावणेसात पौंडांपेक्षा) कमी चीजवस्तू असल्यास काही घ्यायचे नाही, चाळीस पौंडांच्या वर असल्यास दहा शिलिंगांपेक्षा अधिक नाही, आणि विवाहित स्त्री किंवा लहान मूल वारल्यास काहीच मागायचे नाही. हनने जो मुद्दा मांडला तो त्याच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी कायद्यात उतरला.

१३ जून २०२५

न्यायालयाचे नोकर-चाकर. चार्ल्स जोसेफमुळे हा विषय आपोआप पुढे आला. समन्स घेऊन दारात येणारा शिपाई हाच बहुसंख्य लोकांनी पाहिलेला न्यायालयाचा एकमेव चेहरा होता. त्याची मिळकत बजावलेल्या समन्सावर अवलंबून असल्यामुळे जितके खटले अधिक तितकी त्याची चंगळ, आणि गावातल्या कुजबुजीवर कान ठेवून तोच खटले उकरून काढतो ही तक्रार सगळ्या काळात ऐकू येते. लोकांना दूरच्या न्यायालयात ओढण्याला आळा घालण्यासाठी १५३२ मध्ये असा कायदा झाला की माणसाला, काही अपवाद वगळता, त्याच्या स्वतःच्या धर्मप्रांताबाहेर बोलावता येणार नाही.

त्याच्या वरचे लोक अधिक प्रतिष्ठित आणि, खरे सांगायचे तर, अधिक कंटाळवाणे. प्रॉक्टर म्हणजे पक्षकाराच्या वतीने कागद दाखल करणारा वकील. त्याच्या वर रोमन कायद्याची डॉक्टरेट घेतलेले अ‍ॅडव्होकेट, ज्यांची लंडनमधील संस्था डॉक्टर्स कॉमन्स या नावाने ओळखली जाई. आठव्या हेन्रीने १५३५ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे चर्चचा कायदा शिकवणे बंद केले, तेव्हा धर्मन्यायालये चालवायला चर्चच्या कायद्याचे पंडित मिळेनासे होण्याची वेळ आली. १५४५ च्या कायद्याने रोमन कायदा शिकलेल्या, पाद्री नसलेल्या आणि विवाहित माणसालाही न्यायाधीश होण्याची मुभा दिली. म्हणजे एलिझाबेथच्या काळात पती-पत्नींचे खटले ऐकणारा न्यायाधीश स्वतः संसारी असू शकत होता.

१८ जून २०२५

राजाचा खटला, म्हणजे राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द ठरावा म्हणून आठव्या हेन्रीने चालवलेला, घ्यावा की नाही यावर सूचीचे काम करणाऱ्या आमच्या गटात बरीच चर्चा झाली. आठवा हेन्री आणि कॅथरिन यांच्याविषयी लिहिलेले ढिगाने उपलब्ध आहे, असा आक्षेप होता, आणि तो रास्त आहे. पण १५२९ च्या उन्हाळ्यात लंडनमधील ब्लॅकफ्रायर्स येथे पोपचे प्रतिनिधी कार्डिनल वुल्झी आणि कार्डिनल कँपेजिओ यांच्यापुढे जे चालले ते कार्यपद्धतीने पाहता इतर कोणत्याही विवाहविषयक खटल्यासारखेच होते. समन्स निघाले, पक्षकार हजर झाले, २१ जूनला राणीने राजासमोर गुडघे टेकून आपली बाजू मांडली आणि ती दालन सोडून निघून गेली. पुकारा करूनही परतली नाही म्हणून तिला गैरहजर आणि अवज्ञा करणारी ठरवले गेले. गावातली एखादी विधवा समन्सला दाद देत नसे तेव्हाही हाच शेरा मारला जाई.

मला यात घ्यायचे आहेत ते साक्षीदार. मुद्दा असा होता की स्पेनची राजकन्या असलेल्या कॅथरिनचा पहिला विवाह, राजाचा थोरला भाऊ आर्थर याच्याशी नोव्हेंबर १५०१ मध्ये झालेला, प्रत्यक्ष संबंधाने पूर्ण झाला होता की नाही. सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका रात्रीविषयी दरबारातील वयस्क मंडळी शपथेवर बोलत होती. सर अँथनी विलोबी याने सांगितले की दुसऱ्या दिवशी सकाळी आर्थरने एअलचा (बिअरसारख्या मद्याचा) पेला मागवला आणि आपण रात्रभर स्पेनच्या मध्यभागी होतो असे म्हटले. अर्ल ऑफ श्रूजबरी यांनी तर आर्थरच्या वयात आपण स्वतः समर्थ होतो, तेव्हा तोही असणार, असा अनुभवसिद्ध पुरावा दिला. पंधरा वर्षांच्या मुलाने मित्रांपुढे मारलेली बढाई एका राज्याच्या वारसाहक्काचा पुरावा म्हणून लिहून घेतली गेली, आणि लिहून घेणाऱ्यांना त्यात वावगे काही वाटले नाही.

कँपेजिओ यांनी जुलैअखेरीस न्यायालय तहकूब केले. अखेर २३ मे १५३३ रोजी आर्चबिशप क्रॅन्मर यांनी डन्स्टेबल येथे विवाह रद्द ठरवला. तेव्हाही कॅथरिन हजर झाली नाही. सूचीत विलोबी आणि श्रूजबरी यांच्या स्वतंत्र नोंदी, राजा-राणीची मात्र केवळ एक ओळ. यावर गटाचे एकमत झाले.

२४ जून २०२५

चेस्टर. हा धर्मप्रांत १५४१ मध्ये नव्याने निर्माण झाला. त्याच्या बिशपच्या न्यायालयात १५६१ ते १५६६ या वर्षांत घेतलेल्या बालविवाहांविषयीच्या जबान्या १८९७ मध्ये छापून निघाल्या आहेत. हे पुस्तक वाचताना मराठी वाचकाला परकेपणा फारसा जाणवणार नाही, आणि म्हणूनच त्यातील नोंदी अधिक काळजीने करायला हव्यात.

जॉन सॉमरफर्ड आणि जेन ब्रेरटन यांचा विवाह झाला तेव्हा वर तीन वर्षांचा आणि वधू दोन वर्षांची होती. साक्ष देणारा वराचा नातलग सांगतो की मुलाला त्यानेच कडेवर घेतले होते आणि मुलाला बोलता न येणारे विवाहविधीतले काही शब्द त्यानेच म्हटले; मुलीला दुसऱ्या एकाने उचलून धरले होते आणि तिच्या वाटचे बहुतेक सगळे शब्द त्याने उच्चारले. एवढ्या लहानांचे लग्न आपण कधी पाहिले नव्हते, असेही जबानीत आहे. दुसऱ्या एका विवाहात तीन वर्षांचा वर, रिगमार्डन नावाच्या घराण्यातला, पाद्र्याच्या कडेवर शब्द म्हणता म्हणता कंटाळला आणि आज आणखी शिकणार नाही म्हणून हटून बसला. तेव्हा पाद्र्याने आणखी थोडेसे बोल आणि मग खेळायला जा, अशी त्याची समजूत काढली. विवाहमंत्र आणि खेळ यांच्यातला हा सौदा जबानी देणाऱ्याला लक्षात ठेवण्याजोगा वाटला.

तिसरे प्रकरण जेम्स बॅलर्ड याचे. हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. वयाने मोठ्या असलेल्या अ‍ॅन नावाच्या मुलीशी लँकाशायरमधील कोल्न येथे रात्री दहाच्या सुमारास, घरच्या कोणाच्याही संमतीशिवाय त्याचे लग्न लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काकाला सांगितले की अ‍ॅनने दोन सफरचंदांचे आमिष दाखवून आपल्याला कोल्नला नेले. लग्न लावणारा पाद्री रॉजर ब्लेकी याला अवेळी आणि नियमबाह्य लग्न लावल्याबद्दल नंतर शिक्षा झाली. न्यायालयापुढे प्रश्न होता की मुलाने नंतर कधी हा विवाह मान्य केला का; साक्षीदाराकडून काढून घेतलेली माहितीही तीच आहे, आणि सफरचंदे त्यात ओघाने आली आहेत.

चर्चचा कायदा याबाबत स्पष्ट होता. सात वर्षांखालील विवाह मुळातच बंधनकारक नसे. सातच्या पुढे झालेला विवाह मुलीने बाराव्या आणि मुलाने चौदाव्या वर्षी नाकारला तर रद्द करून घेता येई. मात्र त्या वयानंतर दोघे एकत्र राहिले तर तो पक्का होई. म्हणून साक्षीदारांना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असत : दोघे एका घरात राहिले का, एकमेकांना भेटी दिल्या का, एकमेकांना नवरा-बायको म्हणून हाक मारली का. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी आहे, कारण सगळ्यांनाच विवाह मोडायचा असे. दोन्ही कुटुंबांनी जमिनीच्या हिशेबाने केलेला करार बिघडला की मुलांची नावड न्यायालयात उपयोगी पडत असे; तरीही काही जबान्यांत ती नावड खरी असल्याचे स्पष्ट दिसते.

२६ जून २०२५

चेस्टरच्या नोंदींना एक टीप जोडावी असे गटातील एका सहकारी बाईंनी सुचवले आणि ते मला पटले. पत्नीला नांदायला पाठवण्याचा दावा हा याच धर्मन्यायालयांत वाढलेला. इंग्लंडमधून तो इंग्रजी न्यायपद्धतीबरोबर मुंबईला आला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात तो लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते आणि त्या सासरी नांदल्या नव्हत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळताना नेमके हेच म्हटले की हा उपाय इंग्लंडच्या विशिष्ट परिस्थितीत जन्मलेला असून इथे आणून लावलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. अपिलात तो निकाल टिकला नाही. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जावे अन्यथा सहा महिने तुरुंगात जावे असा आदेश दिला, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. इंग्लंडमधील धर्मन्यायालयांचा विवाहविषयक अधिकार तर त्याच्या कितीतरी आधी, १८५७ च्या कायद्याने, काढून घेतला गेला होता. चेस्टरच्या मुलामुलींना वयात आल्यावर नाही म्हणण्याची जी वाट चर्चने ठेवली होती ती मुंबईला आलेल्या दाव्याबरोबर आली नाही. टीप एवढीच, याहून लांबवली तर सूचीचा विषय सुटेल.

१ जुलै २०२५

बदनामीचे खटले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांची संख्या फार वाढते आणि त्यांत स्त्रियांचा भरणा आहे. विभागणी अशी होती की कोणी कोणाला चोर म्हटले तर तो राजाच्या न्यायालयाचा विषय, कारण चोरीची शिक्षा तिथे. छिनाल म्हटले तर धर्मन्यायालयाचा, कारण व्यभिचाराची शिक्षा इथे. त्यामुळे विवाहित स्त्रीला, जिला राजाच्या न्यायालयात नवऱ्याशिवाय उभे राहता येत नसे, इथे स्वतःच्या नावाने फिर्याद करता येई. रस्त्यावरचे भांडण, दारात उभ्या शेजारणी, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे : लॅटिन कागदांच्या मधोमध अचानक इंग्रजी शिव्यांच्या ओळी लागतात, कारण नेमके शब्द सिद्ध झाल्याशिवाय खटला उभा राहत नसे.

हरलेल्या पक्षाला चर्चमध्ये सर्वांसमक्ष क्षमा मागावी लागे. व्यभिचाराच्या प्रकरणात प्रायश्चित्त अधिक कडक : पांढरी चादर पांघरून, अनवाणी, हातात पांढरी काठी घेऊन रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचे आणि ठरवून दिलेला कबुलीचा मजकूर म्हणायचा. आरोप नाकारणाऱ्याला न्यायाधीश ठरवील तितके शेजारी आणून, हा खरे बोलतो यावर आमचा विश्वास आहे, अशी शपथ घ्यायला लावता येई. या शपथ घेणाऱ्या शेजाऱ्यांसाठी सूचीत वेगळा वर्ग केला आहे. त्यांनी पाहिलेले काही नसते, ते केवळ माणसाच्या वतीने उभे राहतात. आणि शेजारी मिळालेच नाहीत तर त्या माणसाची गावात काय पत होती हे न बोलता कळते.

४ जुलै २०२५

दशमांशाचे खटले संख्येने मोठे आणि वाचायला रुक्ष. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. मठ बरखास्त झाल्यावर त्यांचे दशमांशाचे हक्क राजाकडून विकत घेतलेले जमीनदार, जे पाद्री नव्हते, त्यांना १५४० च्या कायद्याने धर्मन्यायालयात दावा लावण्याची मुभा मिळाली. त्यांच्या खटल्यांत साक्षीला येतात ते गावातले म्हातारे, कारण प्रश्न असतो की पूर्वापार लोकर, कोकरे किंवा गवत यांचा वाटा कसा दिला जात असे. वये साठ, सत्तर, ऐंशी, आणि पुढे अदमासे असा शेरा. आपण मठाच्या गाडीवर पेंढ्या चढवल्या होत्या असे सांगणारा माणूस मठ नाहीसे झाल्यावरही त्यांचा हिशेब बाळगून होता.

८ जुलै २०२५

रकाने अखेर ठरले. साक्षीदार बोलायला लागण्यापूर्वी कारकून त्याचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, तिथे किती वर्षे राहतो आणि पक्षकारांना कधीपासून ओळखतो हे लिहून घेई. पुढेपुढे कर्ज फेडून हाती किती मालमत्ता उरते हेही विचारले जाऊ लागले, कारण गरीब माणूस विकत घेता येतो असा समज होता. हे सगळे रकाने सूचीत येतील. शेवटी सही किंवा खूण. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली किंवा दुसरी एखादी खूण काढीत.

साक्ष एकांतात घेतली जाई. पक्षकारांनी लेखी दिलेल्या कलमांवर एकेक करून प्रश्न विचारले जात आणि उत्तर तिसऱ्या पुरुषात, हा साक्षीदार असे म्हणतो, या साच्यात उतरवले जाई. साक्ष देणाऱ्याचा चेहरा त्या वेळी न्यायाधीशाला सहसा दिसत नसे. त्याच्यापुढे येई तो फक्त कारकुनाचा कागद. म्हणून जबानीतले वाक्य साक्षीदाराचे मानताना त्यावर कारकुनाचा हात फिरला आहे हे धरूनच चालावे लागते. सूचीत प्रत्येक जबानीपुढे ती उतरवणाऱ्याचे नाव, जिथे कागदावर आहे तिथे, द्यायचे असा निर्णय झाला. यामुळे काम वाढेल, पण तीनचार कारकुनांचे हात ओळखू आले की त्यांच्या भाषेतले ठरीव भाग बाजूला काढता येतात आणि सफरचंदांसारखा तपशील, जो कोणत्याच साच्यात बसत नाही, साक्षीदाराच्या पदरात टाकता येतो.

सूचीचा पहिला भाग चेस्टरच्या जबान्यांपासून लावायला घेतला आहे. यॉर्कचे बदनामीचे खटले त्यानंतर, दशमांश सर्वांत शेवटी.